घड्याळ जुनं आहे, पण त्यातलं काय काय जुनं आहे?

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलाव कंपनीकडे ओमेगाचं एक स्पीडमास्टर घड्याळ विक्रीला आलं. १९५७चं, म्हणजे या मॉडेलच्या अगदी पहिल्या पिढीतलं. मुळात काळी असलेली डायल वर्षानुवर्षांत चॉकलेटी झालेली. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा. प्रत्यक्षात ते गेलं ३१ लाखांहून अधिक फ्रँकला, आणि घेतलं खुद्द ओमेगाच्या संग्रहालयानं. पुढे जून २०२३ मध्ये कंपनीनंच जाहीर केलं की हे घड्याळ वेगवेगळ्या जुन्या घड्याळांचे भाग जमवून जोडलेलं आहे आणि या प्रकारात आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे.

या बातमीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट रकमेची नाही. त्या घड्याळातले बहुतेक भाग खऱ्या ओमेगाचेच होते. कारखान्यात बनलेले, जुने, अस्सल. तरीही घड्याळ खरं नव्हतं.

हे घड्याळ लिलावाआधी जाणकारांच्या हाताखालून गेलेलं होतं. ऑनलाइन घेताना आपल्यापाशी असतात पाच-सहा फोटो आणि विक्रेत्याच्या चार ओळी. मग ठरवायचं कसं? ठरवता येतं, निदान बऱ्याच अंशी. फक्त 'हे घड्याळ खरं आहे का?' हा एकच मोठा प्रश्न सोडून द्यायचा आणि प्रत्येक भागाला वेगळा प्रश्न विचारायचा: तू कधीचा, आणि पहिल्यापासून इथलाच का?

'अस्सल नाही' म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. त्यांची गल्लत झाली की माणूस एकतर उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त राहतो.

पहिली, सरळ नक्कल. नाव एका कंपनीचं, बनवलं दुसऱ्याच कुणी. ही ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. दुसरी म्हणजे वर सांगितलेला प्रकार: भाग खरे, पण वेगवेगळ्या घड्याळांतून गोळा केलेले. याला जगभर 'फ्रँकनवॉच' म्हणतात. तिसरी, रीडायल. घड्याळ मूळचंच, पण डायल खरवडून पुन्हा रंगवलेली आणि त्यावर नाव पुन्हा छापलेलं. चौथी, सर्व्हिसमध्ये बदललेले भाग. पन्नास वर्षं वापरलेल्या घड्याळाची काच फुटते, चावी झिजते, काटे गंजतात. कंपनीनं किंवा घड्याळजीनं ते बदललेले असतात आणि त्यात फसवणूक काहीच नसते.

चौथ्या प्रकाराला नाकं मुरडू नयेत. काच आणि चावी या झिजणाऱ्याच गोष्टी आहेत, त्या बदललेल्या असल्या तर मी तरी फार मनावर घेत नाही. डायल, काटे, केस (बाहेरचं धातूचं कवच) आणि मशीन या चौघांचं मात्र एकमेकांशी जमलं पाहिजे. एका जुन्या घरातल्या चार भावंडांना वेगवेगळं बसवून बालपणाबद्दल विचारा. तपशील थोडे इकडेतिकडे होतील, पण घर तेच निघेल. एखादाच भलत्याच घराचं वर्णन करू लागला तर तो त्या घरातला नव्हे.

पहिली नजर डायलवर

जुन्या घड्याळाच्या किमतीचा मोठा वाटा डायलमध्ये असतो. म्हणून सर्वांत जास्त हातही तिलाच लावला जातो. ओल शिरून डाग पडलेली डायल विकायला जड जाते, त्यामुळे ती चकचकीत करून घेण्याचा मोह विक्रेत्याला होतोच.

कारखान्यात डायलवरची अक्षरं कोरलेल्या पत्र्यावरून शाई उचलून मऊ गादीनं छापली जात. त्यामुळे अक्षर किंचित उठावदार आणि कडेला धारदार दिसतं. पुन्हा छापलेल्या डायलवर शाई बऱ्याचदा पसरट पडते, अक्षरांचे पाय जाड-बारीक होतात, दोन अक्षरांमधलं अंतर हलतं. कंपनीच्या नावातलं एकच अक्षर निवडा आणि त्याच मॉडेलच्या खात्रीच्या फोटोतलं तेच अक्षर शेजारी ठेवून पाहा. अख्खं नाव बघताना डोळा आपोआप चुका दुरुस्त करून घेतो, एका अक्षरावर थांबलं की तसं करत नाही.

नंतर कडेची मिनिटांची रेघारेघांची पट्टी पाहा. तासाची खूण आणि तिथली मिनिटाची रेघ एका रेषेत यायला हवीत. बाराला जुळतात आणि चारच्या आसपास केसभर सरकतात, असं दिसलं तर ती पट्टी नंतर छापलेली असण्याची शक्यता मोठी. सेकंदाची छोटी डायल वेगळी असेल तर तिच्यावर अनेकदा बारीक एकाआत एक वर्तुळं कोरलेली असतात. नव्या रंगाच्या थराखाली ती बुजतात. धातूच्या उठावदार खुणा असतील तर त्यांच्या पायथ्याशी रंग साचलाय का ते बघा. खुणा न काढता रंग मारला की तो कोपऱ्यात जमतो, फरशीच्या कडेला पाणी साचावं तसा. तळाशी 'स्विस मेड' असायला हवं तिथे काहीच नसेल, किंवा ते अर्धं केसच्या कडेखाली गेलं असेल, तर तेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट डायल काढल्याशिवाय दिसत नाही. पुन्हा रंगवणारे कारागीर छपाईची दिशा लक्षात राहावी म्हणून डायलच्या कडेला कधीकधी छोटी खाच करत. मशीनचा डायलसकट फोटो मिळाला तर कड तपासून घ्यावी.

आणि डाग? मला डाग आवडतात. एकसारखा उतरलेला रंग, कडेला थोडा जास्त काळवंडलेला भाग, काचेच्या कडेनं ओल शिरल्याची खूण, हे सगळं वय नीट सांगतं. केसवर ओरखडेच ओरखडे आणि आत डायल मात्र काल रंगवल्यासारखी स्वच्छ, म्हणजे चेहरा विशीचा आणि हात सत्तरीचे. अशा वेळी विक्रेत्याला थेट विचारावं.

अंधारात चमकणारा रंग वय सांगतो

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूनं उभं राहतं.

रात्री वेळ दिसावी म्हणून काट्यांवर आणि खुणांवर जो चमकणारा रंग लावतात त्याला 'लूम' म्हणतात. १९१०च्या दशकापासून साधारण १९६०च्या सुरुवातीपर्यंत त्यात रेडियम असे. मग त्याची जागा ट्रिटियमनं घेतली आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते चाललं. दरम्यान १९९३मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीनं ल्युमिनोव्हा हा किरणोत्सर्ग नसलेला रंग आणला. आजची घड्याळं त्याच जातीच्या रंगानं चमकतात.

ट्रिटियम असल्याची खूण बहुतेकदा डायलच्या तळाशी, सहाच्या खाली असते: 'टी स्विस टी' किंवा 'स्विस - टी < २५' अशी बारीक अक्षरं. यातला 'टी' म्हणजे ट्रिटियम आणि २५ ही किरणोत्सर्गाची मर्यादा. म्हणजे एखादा विक्रेता 'हे १९५०चं आहे' म्हणतोय आणि डायलवर 'टी < २५' लिहिलंय, तर दोघांपैकी एक चुकतंय. बऱ्याचदा घड्याळाचं वय चुकीचं सांगितलेलं असतं, किंवा डायल नंतर सर्व्हिसमध्ये बदललेली असते.

आता मुद्दा अर्धायुष्याचा. किरणोत्सर्गी पदार्थ निम्मा व्हायला जेवढा काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. ट्रिटियमचं आहे १२.३ वर्षं. पन्नास वर्षांत ते चार वेळा निम्मं होतं, म्हणजे मूळच्या सोळाव्या हिश्श्याइतकंच उरतं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं, म्हणून ते अजून तितकंच जागं आहे. पण त्याच्या माऱ्यानं शेजारचं चमकणारं रसायनच जळून जातं. थोडक्यात, दोन्ही प्रकारची जुनी घड्याळं आज अंधारात जवळजवळ आंधळी असायला हवीत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी साठच्या दशकातलं एक स्विस घड्याळ मी ऑनलाइन घेतलं. वर्णनात लिहिलं होतं, 'सगळं मूळ, कुठेही हात लावलेला नाही.' डायलच्या तळाशी 'टी स्विस टी' होतं, फोटोत ठिपके छान पिवळसर दिसत होते. पहिल्या रात्री दिवा मालवून ते उशाशी ठेवलं. पहाटे चारला जाग आली तर सगळे ठिपके हिरव्या उजेडात इतके लख्ख की वेळ सहज वाचता येत होती. क्षणभर मन हरखलं, आणि लगेच पोटात गोळा आला. ट्रिटियमला चार तास चमकायला पन्नास वर्षांनंतर ताकदच उरत नाही.

सकाळी भिंगाखाली धरलं. चारच्या ठिपक्याचा रंग मूळच्या गोलाबाहेर डायलवर ओघळला होता आणि त्यात ब्रशचा एक बारीक केस अडकलेला होता. कारखान्यातल्या डायलवर असं होत नाही. पिवळसरपणा मुद्दाम आणलेला होता. असे जुनाट छटेचे नवे रंग मिळतात. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं की मलाही ते तसंच मिळालं होतं. ते खरंही असेल.

तेव्हापासून मी प्रत्येक विक्रेत्याकडे दोन फोटो मागतो. एक, टॉर्च अर्धा मिनिट रोखून दिवा बंद केल्याबरोबर काढलेला. दुसरा, पाच मिनिटांनी त्याच अंधारात काढलेला. जुना रंग टॉर्चखाली क्षणभर उजळेल आणि लगेच विझेल. नवा रंग दुसऱ्या फोटोतही जागा असेल. याशिवाय साध्या उजेडात काट्यांवरचा आणि खुणांवरचा रंग शेजारी ठेवून पाहावा. दोन्ही एकाच काळातले असतील तर छटा सहसा जवळपास सारखी येते. ठिपके लोण्यासारखे आणि काटे पांढरेशुभ्र, म्हणजे काटे तरी नंतरचे, नाहीतर कुणीतरी फक्त काटे रंगवले.

रेडियमच्या घड्याळांत एक फार सुंदर पुरावा कधीकधी सापडतो. घड्याळ बंद पडून वर्षानुवर्षं खणात पडून राहिलं असेल तर काट्यांमधल्या रेडियमनं खालची डायल भाजते आणि काट्यांची तपकिरी सावली तिथे उमटते. त्या सावलीचा आकार आताच्या काट्यांशी जुळला, तर ते काटे आणि ती डायल दशकानुदशकं एकत्र होती याला याहून चांगला साक्षीदार नाही. आकार जुळला नाही, तरी उत्तर मिळालंच. अशा डायलला डाग समजून साफ करायला देऊ नये.

आणि रेडियमचं घड्याळ स्वतः उघडू नका, रंग खरवडू नका. बंद केसमध्ये ते हातावर घालणं वेगळं आणि त्या रंगाची भुकटी श्वासातून जाणं वेगळं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डायली रंगवणाऱ्या कामगार मुली ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांनी ओला करत. त्यातल्या कित्येकींचे जबडे आणि हाडं त्यानं सडली.

काटे

फार लांबवत नाही. मिनिटकाटा मिनिटांच्या पट्टीपर्यंत पोचला पाहिजे आणि तासकाटा तासाच्या खुणेच्या आतल्या टोकाच्या आसपास थांबला पाहिजे. आखूड काटा म्हणजे उसना काटा. डायलच्या खुणांवर लूम आहे आणि काट्यांत त्यासाठी जागाच नाही, किंवा उलट, हीसुद्धा विसंगती.

मशीन आणि आकडे काय सांगतात

घड्याळजी ज्याला मशीन म्हणतात तो आतला यंत्राचा भाग. याच्या प्रत्येक प्रकाराला क्रमांक असतो, त्याला कॅलिबर म्हणतात. मशीनचा फोटो दिला नसेल तर मी बोलणी पुढे नेत नाही, असा साधा नियम मी केलाय.

आकडे कुठे असतात ते कंपनीगणिक बदलतं. ओमेगाचा अनुक्रमांक जुन्या घड्याळांत सहसा मशीनवर असतो आणि मॉडेलचा क्रमांक मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. रोलेक्समध्ये जुन्या काळी हे आकडे केसच्या कडेवर, पट्टा अडकवायच्या दोन टोकांच्या मधे कोरलेले असत. पट्टा काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. सेको मागच्या झाकणाच्या बाहेरच सगळं लिहून ठेवते.

ओमेगाच्या साठच्या दशकातल्या क्रमांकांत एक उपयोगी गोष्ट आहे. '१६६'नं सुरू होणारा क्रमांक तारीख दाखवणाऱ्या ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणाऱ्या, पुरुषी घड्याळाचा, तर '१३५'नं सुरू होणारा हातानं चावी द्यायच्या, तारीख नसलेल्या घड्याळाचा. आता समजा झाकणात १६६चा क्रमांक आहे, डायलवर 'ऑटोमॅटिक' लिहिलंय, आणि मशीनच्या फोटोत हातासोबत फिरणारं अर्धगोल वजन, म्हणजे रोटर, दिसतच नाही. तर मग झाकण एका घड्याळाचं आणि मशीन दुसऱ्याचं. असं उदाहरण फोटोत एका नजरेत पकडता येतं आणि तरीही लोक फसतात, कारण मशीनचा फोटो सुंदर असतो आणि आपण त्यातली चमक बघत बसतो.

सेकोची पद्धत मला सर्वांत मोकळी वाटते. झाकणावर '६१३९-६००२' असं असेल तर पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. ऑक्टोबरसाठी शून्य किंवा 'ओ', मग नोव्हेंबरसाठी 'एन', डिसेंबरसाठी 'डी'. म्हणजे '३४' नं सुरू झाला तर वर्ष ३वर संपणारं, महिना एप्रिल. १९६३, १९७३ की १९८३, ते कॅलिबर केव्हा बनत होतं त्यावरून ठरतं. ६१३९ हे मशीन १९६९ला आलं, त्यामुळे १९६३ बाद. डायलच्या तळाशीही अगदी सूक्ष्म अक्षरांत एक क्रमांक असतो आणि त्याची सुरुवातही कॅलिबरच्या चार आकड्यांनी होते. झाकणावर ६१३९ आणि डायलवर वेगळेच चार आकडे, किंवा तिथे क्रमांकच नाही, तर डायल बाहेरून आलेली.

याच सेकोत आणखी एक खूण सापडते. साधारण १९७०च्या सुमारास कंपनीनं पाणी रोखण्याच्या क्षमतेसाठीचा शब्द बदलला. आधी 'प्रूफ', नंतर 'रेझिस्ट'. अनुक्रमांक १९६९चा सांगतोय आणि डायल 'रेझिस्ट' म्हणतेय, तर जरा थांबायचं. बदलाच्या वर्षांत मिश्र घड्याळंही कारखान्यातून बाहेर पडली, म्हणून १९७०-७१च्या घड्याळाला या एकाच कारणावरून दोषी ठरवू नये. पण १९७५चा अनुक्रमांक आणि 'प्रूफ' असेल, तर मला तरी उत्तर हवं असतं.

नावातही काळ लपलेला असतो. ह्युअर ही कंपनी टॅगच्या ताब्यात १९८५ला गेली. त्यामुळे '१९७२चं मूळ' म्हणून विकायला ठेवलेल्या घड्याळाच्या डायलवर 'टॅग ह्युअर' असेल, तर निदान ती डायल १९७२ची असू शकत नाही. सर्व्हिसमध्ये बदललेली असेल, ठीक आहे. पण मग 'मूळ' हा शब्द काढा.

केस: झिजलेली चालेल, घासलेली नाही

पॉलिश हा शब्द ऐकायला चांगला वाटतो. जुन्या घड्याळाच्या बाबतीत मला त्याची धास्ती वाटते. प्रत्येक पॉलिशमध्ये धातूचा एक पदर निघून जातो. पट्टा अडकवायची चार टोकं, ज्यांना लग म्हणतात, त्यांच्यावरची तिरपी धार आधी जाते. मग लग बारीक होतात, कोपरे साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गुळगुळीत होतात. झाकणावरची अक्षरं उथळ होतात. पट्टा अडकवायची भोकं कडेच्या अगदी जवळ आल्यासारखी दिसतात, कारण कडच आत सरकलेली असते.

समोरून काढलेल्या फोटोत हे काहीच कळत नाही. घड्याळ उभं धरून बाजूनं काढलेला फोटो मागा आणि डावा-उजवा लग तुलना करा. ओरखडे असलेली पण धार शाबूत असलेली केस मला आरशासारख्या गुळगुळीत केसपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. ओरखडे म्हणजे वापर. गेलेली धार परत आणायला नवा धातू चढवावा लागतो.

'पण सगळे भाग कंपनीचेच आहेत ना?'

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. भाग अस्सल असतील तर घड्याळ अस्सल का नाही?

एका जुन्या पुस्तकाचं उदाहरण घेऊ. पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ, तिसऱ्या आवृत्तीची पानं आणि पाचव्या आवृत्तीतली चित्रं एकत्र बांधली. प्रत्येक कागद त्याच प्रकाशकाचा. वाचायला काही अडचण नाही. पण त्याला 'पहिली आवृत्ती' म्हणून विकलं तर ती फसवणूक. घड्याळाचंही तसंच. वापरण्यासाठी असं जुळवलेलं घड्याळ चांगलं असू शकतं. आपण जास्तीचे पैसे ज्यासाठी देतो, ते म्हणजे हे भाग एकत्र कारखान्यातून निघाले आणि एकत्रच म्हातारे झाले ही गोष्ट. तीच नसेल तर किंमतही ती नको.

'पेटी आहे, कागद आहेत, मग काय?'

पेट्या वेगळ्या विकल्या जातात. कोरी हमीपत्रंसुद्धा. आणि कागद अस्सल असला तरी तो काय सांगतो ते नीट वाचावं. काही जुन्या कंपन्या आपल्या दप्तरातला उतारा देतात. त्यात अमुक अनुक्रमांकाचं मशीन अमुक तारखेला अमुक मॉडेलसाठी बनलं, एवढं असतं. त्या मशीनवर आज कोणती डायल बसवली आहे हे त्या कागदाला माहीत नसतं. मशीन खरं आणि बाकी सगळं जुळवलेलं, अशा घड्याळाला हा उतारा छान शोभून दिसतो. सुरुवातीच्या लिलावाची आठवण ठेवा. तिथे कागदांची कमतरता नव्हती.

'चालतंय ना व्यवस्थित?'

चालणं हा तब्येतीचा प्रश्न आहे, ओळखीचा नाही. घड्याळ किती अचूक चालतं ते मोजणाऱ्या टायमिंग मशीनवरचा आकडा उत्तम असेल, तर अलीकडे सर्व्हिस झालीय एवढंच कळतं. पुन्हा रंगवलेली डायल घड्याळाला एक सेकंदही मागे पाडत नाही. उलट बंद पडलेलं पण कुणीही हात न लावलेलं घड्याळ कित्येकदा जास्त विश्वासाचं असतं. सर्व्हिस करता येते. मूळ डायल परत आणता येत नाही.

विक्रेत्याकडे काय मागायचं

डायलचा एक सरळ फोटो आणि एक तिरक्या उजेडात. तिरक्या उजेडात उठाव, ओघळ आणि नव्या लाखेचा थर दिसतो. मशीनचा फोटो, झाकणाच्या आतला आणि बाहेरचा फोटो, चारही लगांचे बाजूनं फोटो, चावीचा फोटो, लूमचे ते दोन फोटो. क्रोनोग्राफ, म्हणजे वेगळा थांबवता येणारा सेकंदकाटा असलेलं घड्याळ असेल तर सुरू-बंद-शून्यावर असं करून दाखवणारा व्हिडिओ.

आणि एक खास फोटो: काटे तुम्ही सांगाल त्या वेळेवर लावून. मी सहसा काहीतरी आडवेळ सांगतो, सात वाजून तेवीस मिनिटं अशी. यातून घड्याळ खरंच त्याच्या हातात आहे हे कळतं आणि दहा-दहावर लावलेले काटे बाजूला झाले की त्यांच्याखाली झाकलेली छपाईही दिसते. जाहिरातीतल्या फोटोंचा इंटरनेटवर उलटा शोध घेऊन बघायला विसरू नका. तेच फोटो दुसऱ्या नावानं, वेगळ्या वर्णनासह सापडले तर विषय संपला.

मग तुलनेसाठी त्याच मॉडेलचे, त्याच सालाच्या आसपासचे खात्रीचे फोटो जमवा: कंपनीच्या जुन्या जाहिराती, नावाजलेल्या लिलावांच्या सूची, संग्राहकांच्या फोटोंचे संग्रह. एकाच फोटोवर विसंबू नका, कारण चूक असलेला फोटोही फिरत असतो. पाच-सहा जमले की नेहमीचं काय आणि वेगळं काय हे डोळ्याला आपोआप कळायला लागतं. एकेका घड्याळामागे मी दोन-तीन संध्याकाळी यात घालवतो आणि खरं सांगायचं तर विकत घेण्याइतकाच आनंद मला त्यात मिळतो.

'इतकं विचारलं तर तो विकणारच नाही'

काही जण नाही विकणार. ज्यांना घड्याळाबद्दल खरोखर माहिती आहे ते मात्र या प्रश्नांनी खूश होतात, असा माझा अनुभव आहे. 'काटे मी बदललेत, जुने पाकिटात ठेवलेत' असं स्वतःहून सांगणारा विक्रेता मिळाला की मी किमतीत फार घासाघीस करत नाही. कुणाला झाकण उघडता येत नसेल, हेही समजण्यासारखं आहे. घरातल्या आजोबांचं घड्याळ विकणाऱ्याकडे हत्यारं कुठून असणार? मग एखाद्या घड्याळजीकडून उघडून घेण्याची विनंती करावी आणि त्याचा खर्च आपण द्यावा. नाहीच जमलं तर मशीन माहीत नाही असं धरून किंमत ठरवावी.

'दुसरे तीन जण वाट बघतायत, आत्ताच सांगा' हे उत्तर आलं तर त्या तिघांपैकी कुणाला तरी घेऊ द्यावं.

घड्याळ हातात आल्यावर

परत करायची मुदत चालू असतानाच सगळं पुन्हा तपासा. फोटोत जे पाहिलं तेच आलंय का, आधी अनुक्रमांक जुळवून घ्या. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग आणि खिडकीतला उजेड पुरतो. त्याच रात्री ते अंधाऱ्या खोलीत ठेवा आणि एकदा मध्येच उठून बघा. मग ओळखीच्या घड्याळजीकडून झाकण उघडून घ्या, तोही तुमच्यासमोर. तो काय म्हणतो ते लिहून ठेवा.

माझं ते हिरवं चमकणारं घड्याळ मी परत केलं नाही. मशीन त्याचं मूळचंच निघालं, केसही. आजही ते मी घालतो. त्याच्या पेटीत एक चिठ्ठी ठेवलीय: लूम नवा, बहुधा हातानं लावलेला. डायलवरची छपाई मूळची वाटते. चावी बदललेली. खाली तारीख. उद्या ते दुसऱ्या कुणाकडे गेलं तर चिठ्ठीसकट जाईल.